सायकलवरून सियाचिनपर्यंत

भिवंडीच्या राजनोली नाक्यावरून नाशिककडे निघालेला मुंबई-आग्रा रस्ता पडघा, आसनगाव, शहापूर, खर्डी ही गावे मागे टाकीत कसारा घाटाच्या पायथ्याशी येतो. वाटेत डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात. यंत्रमागांच्या या शहरात सायकल ही पिढ्यान्‌पिढ्या कामगारांची सवारी. पाळी संपली की घरी नेणारी, पहाटे पुन्हा कामावर पोहोचवणारी. हौसेखातर सायकलवर बसून पती-पत्नीने डोंगरदऱ्यांची वाट धरावी, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची वाटते. प्रत्यक्षात सव्वाशे वर्षांपूर्वीच एक अमेरिकन जोडपे सायकलवरून हिंदुस्थान पाहायला आले होते. कन्याकुमारीहून निघालेली त्यांची चाके हिमालयाच्या पायथ्याशी थांबली आणि तिथून पुढे त्यांनी पायी जी वाट धरली, ती चौदा वर्षांनी सियाचिनच्या माथ्यावर जाऊन पोहोचली. त्या जोडप्यातील पत्नीचे नाव फॅनी बुलक वर्कमन.

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर या गावी झाला. घराणे श्रीमंत आणि वजनदार होते. वडील अलेक्झांडर हॅमिल्टन बुलक हे १८६६ ते १८६९ या काळात त्या राज्याचे गव्हर्नर होते. अशा घरातील मुलीने थोडे शिकावे, युरोपची एक सफर करावी, मानाचे स्थळ पाहून लग्न करावे आणि पुढे मेजवान्यांचे यजमानपद सांभाळावे, अशी तेव्हाची रीत होती. १८८२ मध्ये फॅनीचे लग्न झाले ते डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांच्याशी. विल्यम तिच्याहून बारा वर्षांनी मोठा होता आणि वैद्यकीय व्यवसायात चांगला स्थिरावला होता. इथवर सारे रीतीप्रमाणे झाले.

रीत मोडली ती डोंगरांनी. विल्यमने तिला न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्सची ओळख करून दिली आणि तिथले सर्वांत उंच माउंट वॉशिंग्टन हे शिखर ती अनेकदा चढली. १८८४ मध्ये रॅचेल ही कन्या झाली. १८८९ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून विल्यमने व्यवसाय सोडला आणि वर्कमन कुटुंब जर्मनीतील ड्रेस्डेनला राहायला गेले. दोघांच्याही वडिलांची इस्टेट हाताशी असल्यामुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. प्रकृतीसाठी निवृत्त झालेल्या या डॉक्टरने पुढे साठी उलटल्यावरही वीस हजार फुटांवर तंबू ठोकले, हा या कथेतील एक गमतीचा भाग.

ड्रेस्डेनमध्ये १८८९ साली सिगफ्रिड हा मुलगा जन्माला आला. १८९३ मध्ये न्यूमोनियाने तो गेला. त्यानंतर फॅनीचे घरातले मनच उडाल्यासारखे झाले. रॅचेलला दायांच्या आणि निवासी शाळांच्या स्वाधीन करून तिने पतीसोबत रस्ता धरला. हा निर्णय दुःखातून आला, की आधीपासूनच मनात असलेल्या ओढीला दुःखाने वाट मोकळी करून दिली, हे सांगणे कठीण आहे. एवढे खरे, की यानंतरची सुमारे वीस वर्षे हे जोडपे घरी कमी आणि प्रवासात अधिक राहिले.

तो काळ सायकलच्या वेडाचा होता. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल १८८५ च्या सुमारास बाजारात आली आणि पाठोपाठ हवेचे टायर आले. त्यामुळे सायकल बायकांच्याही आवाक्यात आली. पती-पत्नीने मिळून चालवायच्या जोडवाहनांचीही टूम निघाली होती. अमेरिकन चित्रकार जोसेफ पेनेल आणि त्याची लेखिका पत्नी एलिझाबेथ यांनी १८८४ मध्ये अशाच एका तीनचाकी जोडसायकलवरून फ्लॉरेन्स ते रोम हा प्रवास केला होता आणि त्यावरचे पुस्तक गाजले होते. जोडसायकलवर पायडल दोघे मारतात, पण वाट धरणारे हात मात्र पुढे बसणाऱ्याचे असतात. वर्कमन जोडप्याने हिंदुस्थानच्या सफरीत दोन स्वतंत्र सायकली बाळगल्या. या दोन सायकलींतच त्यांच्या पुढच्या सहजीवनाचे सूत्र दडलेले होते.

सुरुवातीच्या सफरींपैकी एक होती अल्जीरियातील ॲटलास पर्वत ओलांडून सहाराच्या वाळवंटापर्यंतची. तिच्यावरचे पुस्तक १८९५ मध्ये आले. डोंगरातील कबाइल लोकांच्या वस्त्यांमधून जाताना तिथल्या स्त्रियांच्या वाट्याला आलेले कष्ट आणि अवहेलना फॅनीच्या नजरेतून सुटली नाही. स्त्रियांचा प्रश्न तिच्या लेखनात आला तो असा, रस्त्याच्या कडेने. १८९५ मध्येच दोघांनी स्पेनमध्ये सुमारे २,८०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर सायकल चालवली. प्रत्येकाच्या सायकलवर वीस पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास सामान असे. दिवसाला सरासरी ४५ मैल पडत आणि एखाद्या दिवशी हा आकडा ८० मैलांवर जाई. हे सारे लांब घोळाचा झगा सांभाळत, गियर नसलेल्या सायकलवर आणि खडीच्या रस्त्यांवर.

नोव्हेंबर १८९७ मध्ये त्यांची सर्वांत मोठी सफर सुरू झाली. तेव्हा फॅनी ३८ वर्षांची होती आणि विल्यमने पन्नाशी गाठली होती. सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि जावा अशी ही सफर अडीच वर्षे चालली. सायकलवर कापलेले एकूण अंतर त्यांनी चौदा हजार मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर एवढे नोंदवले आणि १९०४ मध्ये निघालेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच तो आकडा छापला. त्यापैकी कन्याकुमारी ते हिमालय हा टप्पा सुमारे चार हजार मैलांचा होता.

या प्रवासाची तयारी आजच्या सायकलस्वारालाही ओळखीची वाटेल. चहा, साखर, बिस्किटे, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशी, प्रत्येकी एक कांबळे, लिहिण्याचे साहित्य, औषधे आणि पंक्चर काढण्याची पेटी. खाण्यापिण्याची सोय व्हावी म्हणून ते शक्यतो लोहमार्गाच्या जवळून जात आणि रात्री स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये पथारी टाकीत. डासांचे थवे, उंदरांचा सुळसुळाट, दिवसचे दिवस धड जेवण नाही की स्वच्छ पाणी नाही, हे नित्याचेच होते. रस्त्यांवर काटे इतके, की एकेका दिवशी चाळीस-चाळीस पंक्चर काढण्याची वेळ आली. एका पंक्चरला दहा मिनिटे धरली, तरी तो दिवस कसा गेला असेल याचा हिशेब करता येतो. तरीही वाट बदलली नाही.

ते आले तो काळ महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचा कोरला गेलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेगने शिरकाव केला होता. दुष्काळाने गावे ओस पडली होती. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली होती आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली होती. वर्कमन यांच्या पुस्तकात मात्र या धगधगत्या हिंदुस्थानापेक्षा प्राचीन मंदिरांना आणि वास्तुशिल्पाला अधिक जागा मिळाली. त्यांनी रामायण, महाभारत आणि जातककथा वाचल्या होत्या आणि देवळांची छायाचित्रे कष्टाने टिपली होती. पण देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाशी त्यांचे बोलणे फारसे झाले नाही. याच्या काही वर्षे आधी पंडिता रमाबाई अमेरिका पाहून आल्या होत्या आणि १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले होते. रमाबाईंनी अमेरिकेतली माणसे आणि त्यांच्या संस्था न्याहाळल्या. फॅनीने हिंदुस्थानातले दगड न्याहाळले. दोघींच्या नजरेतला हा फरक राज्यकर्त्या आणि जित समाजांतील अंतराचाही होता.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातील उष्मा असह्य झाला, तेव्हा दोघांनी सायकली ठेवल्या आणि काश्मीरमार्गे लडाखची वाट धरली. चौदा ते अठरा हजार फुटांवरील खिंडी त्यांनी पायी ओलांडल्या. हिमालयाने त्यांना जे झपाटले ते कायमचेच. त्याच वर्षी सिक्कीममधून कांचनजंगेच्या परिसरात जाण्याचा त्यांनी घाट घातला. पण ऋतू उलटून गेला होता, बर्फ पडू लागले होते आणि हमालांशी त्यांचे जुळले नाही. मोहीम अर्धवट सोडून ते परतले.

पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, मात्यास त्सुरब्रिगेन या नामवंत वाटाड्याला घेऊन ते काराकोरममधील बियाफो हिमनदीवर गेले. तिथे फॅनीने एकापाठोपाठ तीन शिखरे गाठली. त्यांतील सुमारे १८,६०० फुटांच्या एका शिखराला या दांपत्याने नाव दिले सिगफ्रिडहॉर्न. ड्रेस्डेनमध्ये चार वर्षांचा असताना गेलेल्या मुलाचे ते स्मारक होते. दुसऱ्या शिखराला त्यांनी स्वतःचेच नाव देऊन टाकले. तिसरे कोसर गुंगे सुमारे २१,००० फूट उंच होते आणि त्या चढाईने स्त्रियांच्या उंचीचा विक्रम फॅनीच्या नावावर नोंदला गेला.

१८९८ ते १९१२ या चौदा वर्षांत वर्कमन दांपत्याने हिमालय आणि काराकोरममध्ये आठ मोहिमा केल्या. कामाची वाटणी करण्याची त्यांची रीत त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. एका मोहिमेचे नेतृत्व, नियोजन आणि सरबराई एकाने पाहायची, तेव्हा दुसऱ्याने छायाचित्रण आणि शास्त्रीय नोंदींची बाजू सांभाळायची. पुढच्या मोहिमेत या भूमिकांची अदलाबदल. पुस्तकांवर दोघांचीही नावे असत. पत्नीला पतीच्या परवानगीवाचून फारसे काही करता येत नसे, त्या काळी हा डॉक्टर पत्नीच्या हुकमतीखाली बर्फात चालत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. सायकलच्या दिवसांत जडलेली सवय अशी पर्वतांत कामी आली.

१९०६ मध्ये नुनकुन पर्वतसमूहातील पिनॅकल पीक हे ६,९३० मीटर उंचीचे शिखर फॅनीने सर केले. तेव्हा ती ४७ वर्षांची होती. कृत्रिम प्राणवायू नाही, हलके कपडे नाहीत, आजच्यासारखे दोरखंड नाहीत आणि अंगावर घागरा. वीस हजार फुटांवरील तळावर विरळ हवेमुळे कुणाला झोप लागली नाही. फॅनीच्या मोजणीनुसार शिखराची उंची तेवीस हजार फुटांहून अधिक होती. ती थोडी जास्त धरली गेली होती, हे पुढे स्पष्ट झाले. पण स्त्रियांच्या विक्रमाला त्याने बाधा आली नाही. १९३४ मध्ये हेटी डिरेनफुर्थ हिने तो मोडेपर्यंत तो अबाधित राहिला.

आपल्या विक्रमाविषयी फॅनी किती जागरूक होती, हे १९०८ नंतरच्या प्रकरणातून दिसते. ॲनी पेक या दुसऱ्या अमेरिकन गिर्यारोहिकेने पेरूमधील हुआस्करान सर करून आपण अधिक उंची गाठल्याचा दावा केला. फॅनीने तेरा हजार डॉलर खर्चून फ्रेंच मोजणीदार पेरूला पाठवले आणि त्या शिखराची रीतसर त्रिकोणमितीय मोजणी करवून घेतली. पेकचा आकडा फुगवलेला असल्याचे सिद्ध झाले. पुरुष गिर्यारोहकांच्या बाबतीत असा हट्ट कर्तबगारीचे लक्षण मानला जाई. फॅनीच्या बाबतीत त्याची खडूसपणा म्हणून कुचेष्टा झाली. मात्र ज्या स्त्रीच्या शब्दावर कुणी सहजी विश्वास ठेवणार नाही, तिला पुराव्याची चाड असणारच. १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत तिने व्याख्यान दिले. इझाबेला बर्डनंतर तिथे बोलणारी ती दुसरीच स्त्री. पॅरिसच्या सोर्बोनमध्ये व्याख्यान देणारी पहिली अमेरिकन स्त्री हा मानही तिच्याकडे जातो.

या कर्तृत्वाला एक काळी बाजू आहे. जवळजवळ प्रत्येक मोहिमेत वर्कमन दांपत्याचे हमालांशी खटके उडाले. हमाल माघारी फिरत, पळून जात, धान्य नाहीसे होई. पुस्तकांतून दोघांनी या लोकांना आळशी आणि लबाड ठरवले. पण बाल्टिस्तानातील तो गरीब शेतकरी डोक्यावर ओझे घेऊन बर्फात का चालत होता, हा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला. काश्मीर संस्थानात सक्तीच्या बेगारीने माणसे जुंपण्याची जुनी प्रथा होती. ऐन शेतीच्या दिवसांत घर सोडून, अपुऱ्या कपड्यांनिशी, ज्या शिखराचे त्यांना काही अप्रूप नव्हते तिथे त्यांनी जायचे होते. मताधिकाराच्या बाबतीत समानतेचा आग्रह धरणारी फॅनी या माणसांसमोर मात्र साम्राज्याच्या मडमेसारखीच वागली. पती-पत्नींमधील बरोबरी त्यांच्या तंबूच्या दारापर्यंतच होती. भिवंडीसारख्या गोदामांच्या गावात राहणाऱ्याला ही बाब चटकन उमगावी. ओझे वाहणाऱ्याच्या हक्कासाठी महाराष्ट्रात माथाडी कायदा व्हायला १९६९ साल उजाडावे लागले.

फॅनीच्या आयुष्याचा कळस म्हणजे १९११ आणि १९१२ मधील सियाचिनची मोहीम. १९१२ ची मोहीम तिच्या नेतृत्वाखाली होती. ग्रँट पीटरकिन या ब्रिटिश मोजणीदाराबरोबर भारतीय सर्वेक्षण खात्याचे सरजान सिंह हेही त्या तुकडीत होते. सुमारे ७५ किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीचा तपशीलवार नकाशा या मोहिमेत तयार झाला. चेनोझ नावाचा इटालियन हमाल बर्फाच्या भेगेत कोसळून मरण पावला. त्या धक्क्यानंतरही फॅनीने मोहीम आवरती घेतली नाही. हिमनदीच्या उत्तर टोकाच्या खिंडीला तिने इंदिरा कोल हे नाव दिले. हे नाव इंदिरा गांधींवरून पडले असावे असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा. खिंडीला मिळालेले नाव लक्ष्मीचे आहे. रामायण-महाभारत वाचत सायकलवरून केलेल्या प्रवासाची ही खूण भारताच्या नकाशावर अशी राहून गेली.

याच मोहिमेत सुमारे २१,००० फुटांवरील बर्फाच्या पठारावर विल्यमने पत्नीचे एक छायाचित्र घेतले. बर्फात उभ्या असलेल्या फॅनीच्या हातात स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारे वृत्तपत्र उघडलेले आहे आणि त्याचे ठळक नाव वाचता येते. तेव्हा राष्ट्रीय निवडणुकांत मत देण्याचा अधिकार अमेरिकेतील सर्व स्त्रियांना नव्हता. तो १९२० मध्ये मिळाला. सियाचिन म्हटले की आज १९८४ पासून तिथे पाय रोवून असलेले भारतीय जवान डोळ्यांपुढे येतात. त्याच बर्फावर त्याआधी बहात्तर वर्षे एका स्त्रीने आपल्या मतासाठी घोषणा केली होती, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

पहिल्या महायुद्धाने मोहिमा थांबल्या. सियाचिनवरचे पुस्तक १९१७ मध्ये आले. त्याच सुमारास फॅनीची प्रकृती ढासळली. २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधील कान येथे तिचे निधन झाले. मृत्युपत्राने तिने रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या स्त्रियांच्या चार महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले. विल्यम १९३७ पर्यंत जगला. वुस्टरच्या स्मशानभूमीत दोघांचे एकत्र स्मारक आहे आणि हिमालयाचे आद्य संशोधक अशी दोघांचीही ओळख त्यावर कोरलेली आहे.

आई-वडील डोंगरात असताना वसतिगृहांत वाढलेल्या रॅचेलचे पुढे काय झाले? ती भूगर्भशास्त्रज्ञ झाली आणि १९१९ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने ज्या पहिल्या स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्यांत तिचा समावेश होता. १९११ मध्ये तिने कानपूरच्या गिरण्यांमुळे धनाढ्य झालेल्या अलेक्झांडर मॅकरॉबर्ट यांच्याशी लग्न केले. १९२२ मध्ये पती गेला. तीन मुलगे होते. थोरला १९३८ मध्ये विमान अपघातात गेला आणि उरलेले दोघे १९४१ च्या युद्धात वैमानिक म्हणून कामी आले. लेडी मॅकरॉबर्टने एका बॉम्बफेकी विमानासाठी पंचवीस हजार पौंडांची देणगी दिली आणि त्या विमानाला मॅकरॉबर्टचे प्रत्युत्तर अशा अर्थाचे नाव देण्यात आले. मुलाच्या मृत्यूनंतर आईने रस्ता धरला होता. मुलांच्या मृत्यूनंतर लेकीने विमान दिले. दुःखाला कृतीने उत्तर देण्याचा हा वारसा आई जवळ नसतानाही लेकीपर्यंत पोहोचला होता.

फॅनीच्या चरित्राकडे पाहताना तिला देवी करून चालत नाही आणि तिच्या हमालांविषयीच्या कठोरपणापुढे तिचे कर्तृत्व पुसूनही टाकता येत नाही. पती-पत्नी एका वाटेने, पण आपापल्या सायकलवर, आळीपाळीने पुढे होत जाऊ शकतात, हे तिने आणि विल्यमने प्रत्यक्ष जगून दाखवले. त्या वाटेवर सामान वाहणारा तिसरा माणूसही असतो, हे मात्र त्यांना दिसले नाही. आग्रा रस्त्याने कसाऱ्याकडे सायकली दामटणाऱ्या आजच्या जोडप्यांनी फॅनीकडून जिद्द जरूर घ्यावी. घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबल्यावर चहा देणाऱ्याशी चार शब्द बोलावे, म्हणजे तिच्याकडून राहून गेलेले तेवढेही पुरे होईल.